ग्राफिक्स कार्ड बदललं आणि कॅबिनेट किरकिरायला लागलं

तुम्ही लिहिलंय की लॅमिंग्टन रोडवरून नवं ग्राफिक्स कार्ड आणून बसवलं आणि त्या रात्रीपासून गेम लावला की बारीक किर्र आवाज येतो, मधूनच खरखरही होते. दुकानदार म्हणतो पॉवर सप्लाय बदला. कृपा करून इतक्यात एक रुपयाही खर्च करू नका.

हे दोन वेगळे आवाज आहेत, असं मला वाटतं.

आधी किर्र. छताचा पंखा बंद करा, खिडक्या लावून घ्या. गेमच्या मेनूवर मिनिटभर थांबा आणि मग झटकन बाहेर या. आवाज त्याच क्षणी थांबला तर तो पंख्याचा नाही. पंखा तापमानावर चालतो आणि कार्ड निवायला वेळ लागतो, त्यामुळे त्याचा आवाज हळूहळू उतरतो. क्षणात येणारा-जाणारा आवाज बहुतेक वेळा कॉइल व्हाइन असतो. कार्डावर चौकोनी करड्या ठोकळ्यांसारखे चोक असतात, त्यांच्या आत तांब्याची तार. करंट झपाट्याने कमी-जास्त झाला की ती थरथरते, आणि ती थरथर 20 ते 20,000 हर्ट्झमध्ये आली की आपल्या कानाला लागते. मेनूवर जास्त किंचाळतं, कारण तिथे काम थोडं आणि कार्ड सेकंदाला शेकडो फ्रेम, म्हणजे पडद्यावरची चित्रं, काढत सुटतं.

मॉनिटर 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं दाखवणारा असेल तर ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये फ्रेम सेकंदाला 60 वर बांधून टाका. बऱ्याचदा एवढ्यानेच शांत होतं. कार्डाला यातून धोका नसतो, हे घरच्यांनाही सांगा. पॉवर सप्लायमध्येही चोक असतात, म्हणून दुकानदार अगदीच चूक नाही. पण आवाज तिथूनच येतोय याची खात्री करा. वर्तमानपत्राची नळी करा, एक टोक कानाशी, दुसरं आधी कार्डाजवळ आणि मग पॉवर सप्लायच्या मागच्या जाळीजवळ धरा. फरक लगेच कळतो.

आता खरखर. माझ्याकडे असंच झालं होतं, आणि मी एका दुकानदाराच्या सांगण्यावरून नवा पॉवर सप्लाय घेतला. आवाज तसाच. शेवटी टॉर्च मारून पाहिलं तर कार्डाला जोडलेली जाड केबल वाकून खालच्या पंख्याला टेकत होती. तिच्या काळ्या जाळीवर बोटाच्या पेराएवढी जागा घासून चकचकीत झाली होती. एका झिपटायने काम झालं. पीसी बंद करून, भिंतीवरचं बटण बंद करून तुमच्या केबल तशा बघा. कार्ड जड असेल तर ते एका बाजूने खाली झुकलंय का, तेही बघा.

केबल ठीक असतील तर जुने पंखे. नव्या कार्डाची उष्णता कॅबिनेटमध्येच सुटते, म्हणून इतके दिवस निवांत फिरणारे पंखे आता जोरात पळतात. आपल्या मुंबईच्या दमट हवेत पात्यांवरची धूळ चिकट होऊन बसते, ब्लोअरने जात नाही. किंचित ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. एकेक पंख्याची वायर काढून थोडा वेळ चालवून पाहिलंत तर गुन्हेगार सापडतोच. प्रोसेसरवरच्या पंख्याला मात्र हात लावू नका.

फ्रेम बांधूनही, कॅबिनेट बंद असताना खुर्चीपर्यंत किर्र येत असेल, तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि बिल घेऊन बदलून देण्याची मुदत संपायच्या आत दुकानात जा.