आधी भाजायला शीक

शुक्रवार पेठ, कोल्हापूर

प्रिय लेकरा,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. फोनवर सांगितलं तर एका कानानं ऐकशील आणि कांदा चिरेपर्यंत विसरशील, म्हणून लिहूनच देते. हा कागद ओट्याजवळ चिकटवून ठेव.

मेस सोडून खोलीवर गॅस घेतलास, हे फार चांगलं केलंस. तू वीस भाज्यांची यादी मागितली आहेस, ती मात्र मी देणार नाही. ‘रंग येतो, तिखटही होतं, पण काकू, तुमच्या घरच्यासारखी चव येत नाही,’ असं लिहिलंस ना, त्याचं कारण मला गेल्या खेपेलाच दिसलं होतं. तुझ्या डब्यातलं वाटण बघितलं. खोबरं पांढरं, कांदा गुलाबी. कच्चंच वाटलं होतंस तू ते.

कोल्हापूरचं म्हणजे झणझणीत, एवढंच बाहेरची माणसं धरून बसतात. तिखट करायला एक चमचा चटणी जास्त घातली की झालं. पण मटणाच्या रश्श्यात हाडांचा उतार असतो. मसुराच्या, वांग्याच्या, पावट्याच्या रश्श्याला तो कुठनं येणार? तो कांद्या-खोबऱ्यातनंच काढावा लागतो आणि भाजल्याशिवाय तो निघत नाही. शाकाहारी स्वयंपाकाची सगळी मेहनत मला तिथंच दिसते.

तर कर असं. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप कर. कढई मंद आचेवर, तेल नको. बदामी रंग आला की लगेच ताटलीत काढ. गॅस बंद करून कढईतच ठेवलंस तर ते आपल्या उष्णतेनंच आणखी दोन रंग चढतं. मग तीळ, तडतडेपर्यंत. कांदा उभा चिरायचा, चमचाभर तेलावर टाकायचा. दोन मोठे कांदे असतील तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि ती द्यायचीच. मीठ टाकून घाई करू नकोस, मिठानं पाणी सुटतं आणि कांदा भाजण्याऐवजी शिजतो. नाकानं लक्ष ठेव. आधी डोळ्यांना झोंबणारा वास येतो, मग गोडसर, आणि शेवटी गुळाच्या पाकाजवळ जाणारा. कडा तपकिरी झाल्या आणि हा वास आला की लसूण-आलं टाकून मिनिटभर परत. सगळं गार होऊ दे, मगच वाट. आणि वाटलेलं पुन्हा तेलात परतायचं, कडेनं तेल सुटेपर्यंत. म्हणजे दोनदा भाजणं आलं. पहिलं सगळे करतात, दुसऱ्याला कंटाळतात.

आता चटणी. आपल्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे तुला सांगायला नको. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला. आमच्या घरात दोन्ही निम्म्यानिम्म्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सासूबाईंनी खोबरं भाजायचं काम माझ्यावर सोपवलं. दारात कुणीतरी आलं, मी बोलत उभी राहिले आणि एक घाणा काळा झाला. टाकून द्यायला जीव होईना आणि सांगायची लाज वाटली. तसंच डब्यात मिसळलं, डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या गिरणीत गेलं, मिरच्यांबरोबर कुटून आलं. दोन किलो मिरचीची चटणी कडवट झाली. वर्षभर प्रत्येक आमटीत ती कडवट झाक यायची. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण मला दर घासाला कळत होतं. तेव्हापासून करपलेला एक कापही मी ठेवत नाही. तूही ठेवू नकोस. वाया गेलेलं खोबरं मूठभर असतं, त्याच्यापायी अख्खं पातेलं घालवायचं नाही.

चटणी कालवणात घालायची वेळही सांभाळ. धडधडत्या तेलात टाकलीस तर दोन क्षणांत करपते. गॅस बारीक कर, वाटण परतून झालं की चटणी घाल, एकदाच हलव आणि लगेच उकळतं पाणी ओत. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून तेलात तिला तेवढा एक क्षण द्यायचा. गार पाणी ओतलंस तर उकळी मोडते, वर तवंग येत नाही आणि कट, म्हणजे पातळ तिखट रस्सा, फिका दिसतो. मिसळीच्या कटाचंही तेच. मिसळ नंतर शिकवीन, मटकीला मोड आणण्यापासून. आणि आपल्याकडं तिच्याबरोबर स्लाइस ब्रेड असतो, पाव नव्हे, हे तुझ्या पुण्याच्या मित्राला सांग.

पहिला महिना एकच पदार्थ कर, अख्खा मसूर. आठवड्यातनं तीनदा. मसूर स्वस्त आहे, लवकर शिजतो आणि चूक लपवत नाही. तासभर भिजव, उघड्या पातेल्यात शिजव. कुकरच्या शिट्ट्या मोजत बसशील तर दाणा कधी मऊ झाला ते हाताला कळणारच नाही. दाणा दिसायला अख्खा, पण बोटानं दाबला की पिठासारखा मोडला पाहिजे. मग वर सांगितलेलं वाटण, चटणी, मीठ. शेवटी गुळाचा सुपारीएवढा खडा, गोड लागावं म्हणून नाही, तिखटाची धार बसावी म्हणून. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण नाव वाचून गूळ घेऊ नकोस. पिवळाधमक चकचकीत खडा डोळ्यांना भुलवतो. काळपट घे, जिभेवर ठेवून बघ, खारट लागला तर परत ठेव.

मसुराच्या तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुला स्वतःलाच कळेल, आज कांदा कमी भाजला. तोवर मला फोटो पाठवू नकोस, फोटोत वास येत नाही.

फोडणीबद्दल एवढंच: मोहरी पूर्ण तडतडल्याशिवाय पुढचं काही टाकायचं नाही.

भाकरी तुटते म्हणालास. पीठ कधी दळलेलं आहे ते आधी बघ. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे असते ती थोडीशी चिकटही, जाते. मग कितीही मळलंस तरी कडा फुटणारच. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, थोडा थोडाच दळून आण, आठवड्यापुरता. पिठात कढत पाणी घाल, चमच्यानं हलव, हाताला सोसेल तेव्हा मळ. तळहाताच्या टाचेनं मळायचं, बोटांनी नाही. थापताना पहिल्या पंधरा भाकरी वेड्यावाकड्या होतील. त्या टाकायच्या नाहीत, कुस्करून ताकात खायच्या.

भाजी घ्यायला सकाळी कपिलतीर्थ मंडईत जा. खेड्यातनं पाट्या घेऊन येणाऱ्या बायका बसतात, त्यांच्याशी बोल. भाव विचारून पुढं जाऊ नकोस. ‘मावशी, ही कशी करायची?’ असं विचार. अंबाडी कशी उकडून पिळायची, शेपूत मुगाची डाळ किती, हे मला अर्धं तिथंच कळलं. घासाघीस करू नकोस. पहाटे उठून, एसटीनं येऊन बसलेल्या असतात त्या.

आणि एकट्यासाठी करायचा कंटाळा आला, असं मेसेजच्या शेवटी लिहिलं आहेस. ते वाचून माझा जीव जरा कालवला. मसूर वाटीभर जास्त टाक आणि शेजारच्या खोलीतल्या पोराला बोलाव. तो काय म्हणतो याच्यापेक्षा दुसऱ्यांदा वाढून घेतो का, तेवढं बघ.

चैत्रात मी चटणी करणार आहे. यंदा तीन किलो मिरची आणायची आहे आणि देठं काढायला मला हात हवा आहे. रविवारी सकाळी लवकर ये. नाकाला बांधायला मोठा रुमाल आण, मिरची भाजताना ठसका लागतो. खोबरं तू भाज, मी शेजारी बसते. दारात कोण आलं तर मी बघीन, तू कढईपासून हलायचं नाही.

तुझी,
काकू