भाचीच्या फोनला फक्त गॅलरीतच रेंज!

प्रश्न : भाचीने अमेरिकेहून येताना तिचा आधीचा अँड्रॉइड फोन मला दिला, फोन मस्त आहे, कॅमेरा तर एकदम भारी. आम्ही घोडबंदर रोडला १८व्या मजल्यावर राहतो. गॅलरीत रेंज असते पण आतल्या बेडरूममध्ये गेलं की फोन लागतच नाही. मिस्टर म्हणतात फोनच डब्बा आहे, शेजारचे म्हणतात बिल्डिंगच तशी, आणि एक दुकानदार बूस्टर बसवून देतो म्हणतोय. काय करू?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : ताई, बूस्टरवाल्याला आधी नाही म्हणा, बाकीचं नंतर बघू. परवानगीशिवाय असा रिपीटर, म्हणजे बूस्टरच, लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तो टॉवरच्या दिशेने नुसता गोंगाट सोडतो त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचं नेटवर्क बोंबलतं. दुकानदार हे सांगणार नाही, त्याला विकायचंय.

आता खरी टेस्ट. तुमचं सिम काढून मिस्टरांच्या इथे घेतलेल्या फोनमध्ये टाका आणि त्याच बेडरूममध्ये त्याच कोपऱ्यात उभं राहून बघा. मिस्टरांचं सिम वेगळ्या कंपनीचं असेल तर नुसते दोन फोन शेजारी धरून काही कळणार नाही, सिम तेच पाहिजे. आणि कांड्या बघू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाने दाखवते. सेटिंगमध्ये अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएम या मापात, उणे आकड्यात येते. उणे ९५ च्या आसपास असेल तर काम चालतं, उणे ११५ म्हणजे जेमतेम. आणि हा फरक दिसतो तेवढा छोटा नाही हं, दर १० डीबीएमला दहापट, म्हणजे ९५ आणि ११५ मध्ये शंभरपट!

त्याच सिमला मिस्टरांच्या फोनमध्ये आकडा बराच चांगला आला तर भाचीच्या फोनचे बँड, म्हणजे फोन कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो ते तपासा. फोनचा पूर्ण मॉडेल नंबर टाकून सर्च करा, नुसतं नाव नको, कारण एकाच नावाच्या फोनचं अमेरिकन मॉडेल वेगळं आणि इंडियन वेगळं असतं. आपल्याकडे ४जी मुख्यतः बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वर चालतं, पण सगळे बँड सगळ्या कंपन्यांकडे नाहीत. जिओचं ३, ५, ४०, एअरटेलचं १, ३, ८, ४०. यातला ५ म्हणजे ८५० आणि ८ म्हणजे ९०० मेगाहर्ट्झ, हेच खालच्या फ्रिक्वेन्सीचे बँड भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात, २३०० वाला ४० नंबर आरसीसीच्या दोन भिंतींनंतर दमतो. म्हणजे एअरटेलचं सिम आणि फोनमध्ये बँड ८ नाही असं असेल तर गॅलरीत सगळं छान आणि आत ठणठणाट, अगदी तुमच्यासारखंच. याला सेटिंग नाही, अपडेट नाही, बँड नसेल तर नसेल.

अजून एक भानगड. नेट चालतं पण कॉल लागत नाही असं होत असेल तर बँडचं सोडा, व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल जायची सोय, बघा. बाहेरच्या मॉडेलमध्ये इथल्या कंपनीचं व्होल्टे कधीकधी चालूच होत नाही, आणि जिओकडे २जी-३जी नाहीच त्यामुळे साधा कॉल जायला दुसरा रस्ता उरत नाही.

दोन्ही फोन आत सारखेच मेले तर मग शेजारी बरोबर. उंच मजल्यावर असं होतं, कारण टॉवरचे अँटेना खाली रस्त्याकडे कललेले असतात आणि तुमच्या उंचीला लांबलांबचे, पार खाडीपलीकडचे सिग्नल एकत्र येऊन गोंधळ घालतात. त्यात खिडकीच्या काचेवर मेटलचं पातळ कोटिंग असेल तर अजूनच. मग घरच्या वायफायवर वायफाय कॉलिंग चालू करा, फुकट आहे. फक्त अमेरिकन मॉडेलमध्ये तो ऑप्शन इथल्या सिमला दिसेलच असं नाही, नाही दिसला तर घरातल्या कॉलसाठी इंडियन फोनच वापरा आणि हा कॅमेऱ्यासाठी ठेवा.

प्रश्न : खारघरला घरात ५जी येतं-जातं आणि बॅटरी दुपारीच संपते.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : ५जीचा बराचसा कारभार ३५०० मेगाहर्ट्झच्या आसपास, एन७८ बँडवर आहे, तो घरात लंगडतो आणि फोन सारखा ४जी-५जी उड्या मारतो, त्यात बॅटरी जाते. प्रिफर्ड नेटवर्क ४जी करून टाका, बाहेर पडल्यावर वाटलं तर परत ५जी. व्हॉट्सॲपला काही फरक पडत नाही.