आमच्या बाईंनी सांगितलंय

ताई,
आम्ही नऊ वर्षं टेक्सासमध्ये, डॅलसच्या एका उपनगरात राहतो. मुलगा पाचवीत, मुलगी दुसरीत, दोघंही सरकारी शाळेत. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टनं राज्याचा नवा वाचनाचा अभ्यासक्रम घेतलाय, त्यात बायबलमधल्या गोष्टी आहेत. शिवाय वर्गात बायबलमधल्या दहा आज्ञांची पाटी लागली आहे. परवा सासूबाई पूजा करत होत्या, तर लेक त्यांना म्हणाली, "आजी, मूर्ती करायची नसते. आमच्या वर्गात रूल लिहिलाय." सासूबाई हसल्या. त्या स्वतः मिशनच्या शाळेत शिकल्या आहेत. म्हणतात, "आम्ही रोज प्रभूची प्रार्थना म्हणायचो, काय बिघडलं आमचं?" नवरा मात्र पेटलाय. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं विरोधाचा अर्ज फिरवलाय. आणि भारतात शाळेत गीता सक्तीची करा, हे मेसेजही त्याच ग्रुपवर तोच पुढे ढकलत असतो! ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आता बाटवाबाटवी सुरू." माझी जवळची मैत्रीण त्याच ग्रुपवर आहे, नगरकडची मराठी ख्रिश्चन. त्या दिवसापासून ती गप्प आहे. नाताळात तिनं दिलेला फराळाचा डबा अजून माझ्याकडेच पडलाय. मी सही करू का? लेकीला त्या तासाला वर्गाबाहेर बसवू का? आणि मैत्रिणीशी काय बोलू?
— नाव, गाव नको

प्रिय मैत्रिणी,

मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. त्यातली पहिली आठ दुसरी-तिसरीच्या वर्गांवर गेली. एकदा घाईघाईत फळ्यावर 'दिवाळी'तली 'दि' दीर्घ लिहून गेले. दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांत दीर्घ 'दी'. एका मुलीच्या वडिलांनी ती खोडून ऱ्हस्व केली होती, आणि पोरीनं वडिलांची दुरुस्ती खोडून परत दीर्घ केली होती. का गं, विचारलं तर म्हणाली, "तुम्हीच लिहिलंत ना." घरी काय झालं असेल ते मी न बघताही सांगू शकते. "आमच्या बाईंनी सांगितलंय." विषय संपला.

सात वर्षांच्या मुलाच्या जगात बाईंच्या वर कोणी नसतं. म्हणून बायबल शाळेत शिकवावं का, याला माझं उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात येत नाही. कितवीत, आणि कोणत्या सुरात, हे मी आधी विचारीन.

दुसरीच्या पुस्तकात एस्तेर राणीची गोष्ट आहे, ती तुम्ही पाहिली असेल. गोष्ट छान आहे. आपल्या लोकांवर संकट आलेलं पाहून राणी जिवावर उदार होऊन राजासमोर उभी राहते. मला ती नातीला सांगायला आवडेल. पण "ही गोष्ट यहुदी लोक त्यांच्या सणाला सांगतात" आणि "असं घडलं" या दोन वाक्यांत जे अंतर आहे, ते दुसरीतल्या मुलाच्या कानाला ऐकू येत नाही. शिक्षिका कितीही चांगली असो, त्या वयात सगळं 'असं घडलं' होऊनच पोचतं. अगदी बालवाडीपासून हे धडे आहेत. तिथे, दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण वागावं, हे सांगताना येशूचं डोंगरावरचं प्रवचन येतं. शिकवण सोन्यासारखी आहे, याबद्दल वाद नाही. पण ती जगातल्या बहुतेक धर्मांत आहे. पाच वर्षांच्या पोराच्या मनात मात्र ती एकाच नावाला चिकटून बसणार.

तुमच्या पाचवीतल्या मुलाचं वेगळं. त्याच्या पुस्तकात लिओनार्दोच्या 'लास्ट सपर' चित्राबरोबर शेवटच्या भोजनाची गोष्ट येते. ती सांगितल्याशिवाय ते चित्र कळणारच कसं? टेबलावरची माणसं दचकून मागेपुढे का झाली आहेत? आणखी चार वर्षांनी तो हायस्कुलात जाईल. १८५८ साली लिंकननं दुभंगलेलं घर टिकत नाही म्हटलं, ते बायबलमधल्या शुभवर्तमानातलं. १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंगनं न्याय पाण्याच्या लोटासारखा वाहू दे म्हटलं, ते बायबलमधल्याच आमोस संदेष्ट्याचं. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसणं म्हणजे महाराष्ट्रात वाढून विठ्ठल विटेवर का उभा, हे ठाऊक नसणं. टेक्सासमध्ये २००७ च्या कायद्यानुसार हायस्कुलात बायबलचा साहित्य आणि इतिहास म्हणून ऐच्छिक अभ्यास करता येतो. उद्या त्यानं तो विषय घेतला तर घेऊ द्या.

माझाच एक अनुभव सांगते. पुढे मी अकरावीला शिकवत होते. 'जैसी हरळांमाजी रत्नकिळा' ही मराठीची थोरवी सांगणारी ओवी मुलांना तोंडपाठ होती. कुणाची, विचारलं, तर वर्ग एका सुरात, "ज्ञानेश्वर!" मी सांगितलं, फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमधून गोव्यात आलेले जेझुइट. ग्रंथ 'ख्रिस्तपुराण', १६१६, सुमारे ११ हजार ओव्या, जुना करार आणि नवा करार मराठीत. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, आम्ही बायबल म्हणतोय?" सगळे हसले. तो म्हणत नव्हता, वाचत होता. सोळाव्या वर्षी मुलं हा फरक करू शकतात.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं साठ वर्षांपूर्वी जवळपास हेच म्हटलं. पेनसिल्व्हेनियात कायदाच होता, रोज शाळा भरताना बायबलमधल्या किमान दहा ओळी वाचायच्या. १९५६ मध्ये ॲबिंग्टन गावच्या एलरी शेम्प नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं त्या वेळी वर्गात कुराण उघडून मुकाट्यानं वाचायला घेतलं. प्रार्थनेला तो उभाही राहिला नाही. रवानगी थेट मुख्याध्यापकांकडे! प्रकरण पुढे वॉशिंग्टनपर्यंत गेलं आणि १९६३ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल लागला. उपासना म्हणून सरकारी शाळेत बायबल वाचून घेता येणार नाही, पण साहित्य आणि इतिहास म्हणून, तटस्थपणे, अभ्यासाचा भाग म्हणून शिकवता येईल. शेम्प कुटुंब कुणी बायबलचे वैरी नव्हते. ते युनिटेरियन नावाच्या उदारमतवादी पंथाचे, रविवारी आपल्या चर्चला जाणारे लोक. त्याच राज्यात १८४४ मध्ये, शाळेत बायबलची कोणती प्रत वाचायची, प्रॉटेस्टंटांची की कॅथलिकांची, या वादातून फिलाडेल्फियात दंगली उसळल्या. माणसं मेली, दोन कॅथलिक चर्चेस जळाली. तेव्हा हे भांडण हिंदू विरुद्ध ख्रिश्चन आहे, असं तुमच्या ग्रुपवर कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

आता वर्गाबाहेर बसवण्याचं. इथे मला माझी चूक कबूल करायची आहे.

आमच्या शाळेत दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन असायचं. तिसरीत एक ख्रिश्चन मुलगी होती. तिच्या आईनं चिठ्ठी पाठवली, आमच्यात चालत नाही. मी मोठ्या उदारपणानं म्हटलं, "तू बाहेर थांब हो, प्रसादाला बोलावते." पोर नळापाशी उभी राहिली. खिडकीतून दिसत होती. नळाच्या गळतीखाली हात धरून पाणी साचवत होती, सोडून देत होती. पूजा झाल्यावर मी विसरले. पेढे वाटून संपले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं. पुढच्या वर्षी आईची चिठ्ठी आली नाही. मुलगी आत बसली, पाटीला कुंकू लावलं. मला तेव्हा वाटलं, चला, सुटला प्रश्न. प्रश्न सुटला नव्हता, एका आठ वर्षांच्या मुलीनं नळापाशी उभं राहणं परवडत नाही हे ओळखलं होतं. पेनसिल्व्हेनियातही पालकांची चिठ्ठी आणली की सूट होती, आणि सूट आहे म्हणून कायदा निर्दोष ठरत नाही, असं कोर्टानं स्पष्ट म्हटलं होतं. मला हे नळापाशी कळलं, आणि तेही फार उशिरा.

म्हणून चिठ्ठी हा शेवटचा उपाय ठेवा. हक्क आहे तुमचा. टेक्सासच्या शिक्षण कायद्यातच आहे की एखादा पाठ पालकांच्या धार्मिक किंवा नैतिक श्रद्धांना सोडून असेल, तर लेखी देऊन मुलाला तेवढ्यापुरतं बाहेर काढता येतं. परीक्षा टाळता येत नाही, की सबंध सत्र विषयच सोडता येत नाही. जून २०२५ मध्ये मेरीलँडच्या पालकांच्या दाव्यात सुप्रीम कोर्टानं असा हक्क आणखी पक्का केला. पण आधी शिक्षिकेला भेटा. एकट्या जा, यजमानांना नेऊ नका (रागावू नका, पण पेटलेल्या माणसाला कुणी शाळेत नेत नाही). ते धडे आधी नीट वाचून जा, फॉरवर्डवरून नव्हे. आणि विचारा, एस्तेरची गोष्ट सांगताना "असं मानतात" हे शब्द तुम्ही वापराल का? मुलं दिवाळीची किंवा ईदची गोष्ट सांगायला उठली तर त्यांना वेळ मिळेल का? बहुतेक शिक्षिका हो म्हणतात. त्यांनी तो अभ्यासक्रम निवडलेला नाही. राज्याच्या शिक्षण मंडळानं तो नोव्हेंबर २०२४ मध्ये आठ विरुद्ध सात मतांनी मंजूर केला. तो घ्यायचा की नाही, हे डिस्ट्रिक्टच्या हातात आहे. घेतला तर दर मुलामागे ६० डॉलरपर्यंत जादा निधी मिळतो, ही मेख तिथे आहे. तेव्हा भांडायचं तर स्कूल बोर्डाच्या बैठकीत, माइकसमोर. बिचाऱ्या बाईंशी नको.

पाटीची गोष्ट मात्र निराळी. तिथे सूर बदलायला शिक्षिकेला जागाच नाही. २०२५ च्या कायद्यानं किमान सोळा बाय वीस इंचाची, ठरलेल्या शब्दांची पाटी. त्यात 'ग्रेव्हन इमेज', म्हणजे कोरीव मूर्ती, करू नकोस ही ओळ आहे, तीच तुमच्या लेकीनं घरी आणली. कायदा आला तसा कोर्टातही गेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काही डिस्ट्रिक्टपुरती तात्पुरती मनाईही मिळाली होती. लेकीला उत्तर तुम्ही देऊ नका, सासूबाईंना देऊ द्या, कारण तिनं विचारलं त्यांना आहे. त्या सांगतील की ही फार जुनी आज्ञा आहे, यहुदी आणि ख्रिस्ती लोक ती आपापल्या रीतीनं मानतात. आपण मातीचा गणपती करतो, आणि शेवटी आपल्याच हातानं पाण्यात सोडतो. हे ऐकून ती आणखी चार प्रश्न विचारेल. विचारू दे.

सासूबाईंचा मुद्दा मला आवडला, पण एक विसरतात त्या. मिशनच्या शाळेत त्यांना वडिलांनी समजून-उमजून घातलं होतं. शाळा मिशनची आहे हे दारावरच लिहिलेलं होतं. सरकारी शाळेच्या दारावर तसं काही लिहिलेलं नसतं, आणि ती तुमच्याही करांच्या पैशावर चालते. हा फरक आपल्याकडे फार आधी कळला होता. १८३९ मध्ये मुंबईत मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा केवढा हलकल्लोळ झाला, मुलं भराभर शाळेतून काढली गेली. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे भारतातल्या शिक्षणाबद्दलच्या आदेशपत्रात, ख्रिस्ती राज्यकर्त्यांनीच लिहून ठेवलं की सरकारी शाळांतलं शिक्षण धर्मापासून अलग राहील. बायबल ग्रंथालयात असेल, ज्याला हवं त्यानं काढून वाचावं. स्वतंत्र भारताच्या घटनेतलं २८ वं कलम तेच सांगतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही.

इथे मी तुमच्या यजमानांकडे वळते. गुजरातनं २०२२ मध्ये सहावी ते बारावीला गीता आणायचं जाहीर केलं. महाराष्ट्रात २०२४ च्या अभ्यासक्रम आराखड्यात मनाचे श्लोक आणि गीतेचा बारावा अध्याय पाठ करण्याचं घाटत होतं. मला दोन्ही पाठ आहेत, दोन्ही प्रिय आहेत. तरी सांगते, सरकारी शाळेतल्या दुसरीच्या वर्गात सगळ्यांकडून ते म्हणवून घेणं मला पटत नाही. यजमानांना रागवू नका, फक्त रात्री निवांत असताना विचारा. नगरच्या झेडपी शाळेत तुमच्या मैत्रिणीची भाची असती आणि तिनं घरी येऊन सांगितलं असतं की क्रूस लावायचा नसतो, बाईंनी सांगितलंय, तर? उत्तराची घाई करू नका. त्यांना जरा वेळ लागेल.

सहीचं म्हणाल, तर आहे त्या अर्जावर करू नका. त्यात 'धर्मांतर' हा शब्द असेल तर तो काढा. "कोणत्याही धर्माचं" हे शब्द घाला. मग पहिली सही तुमची. असा अर्ज झाला तर त्यावर सही करायला तुमची मैत्रीणही येईल असा माझा अंदाज आहे. आपल्या पोरांना बायबल कुणी शिकवावं, याबद्दल ख्रिस्ती आयाही फार चोखंदळ असतात. धर्म आणि सरकार यांच्यामधल्या भिंतीचा राष्ट्राध्यक्ष जेफरसनचा तो प्रसिद्ध शब्दप्रयोग १८०२ मधला. ते पत्र त्यानं लिहिलं होतं डॅनबरी गावच्या बॅप्टिस्ट पंथाच्या ख्रिश्चनांना, आणि ती भिंत त्यांनाच हवी होती.

पण अर्ज घेऊन तिच्याकडे जाऊ नका. अर्ज नंतर. ग्रुपवर ते वाक्य आलं तेव्हा शंभर मराठी माणसं गप्प बसली, आणि त्यात तुम्ही होतात. ती वाट बघत असेल ती तुमच्याच मेसेजची, बाकी नव्याण्णवांची नाही. मेसेज नका करू. तिच्या घरी जा, "मी तेव्हा बोलायला हवं होतं" एवढं म्हणा, आणि सारवासारव करू नका.

डबा घेऊन जा. रिकामा नेऊ नये, हे तुम्हाला मी सांगायला नको.