शॅम मॅनिप्युलेशन आणि बाकड्यावरच्या गप्पा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमपीटीच्या (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीच्या) थिसिससाठी जुनाट कंबरदुखीवर मॅनिप्युलेशन (हाताने मणक्याला झटका देणं) विरुद्ध प्लासिबो (खऱ्यासारखा भासणारा खोटा उपचार, म्हणजेच शॅम) असा अभ्यास आहे. गाइड म्हणतात, प्लासिबो गटाला बंद अल्ट्रासाऊंड मशीन फिरवा आणि सिनॉप्सिसवर (अभ्यासाच्या आराखड्यावर) 'डबल ब्लाइंड' लिहा. चालेल का?

'डबल ब्लाइंड', म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळतोय हे रुग्ण आणि उपचार करणारा दोघांनाही ठाऊक नसणं, चालणार नाही, हे आधीच सांगून टाकते. गोळ्यांच्या चाचणीत कोणत्या पाकिटात काय आहे हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं. इथे औषध म्हणजे तुमचे हात. झटका खरा दिला की नुसता आव आणला, हे हातांपासून लपवायचं कसं? रुग्ण आणि मोजमाप घेणारा, हे दोघेच ब्लाइंड होऊ शकतात. त्यातही दुखणं दहापैकी किती हे रुग्णच सांगतो, म्हणजे मोजपट्टी त्याच्याच हातात. सगळा भार त्याला कळलंय की नाही यावर येतो.

ब्लाइंडिंग नसल्याने नेमका किती फरक पडतो यावर मात्र एकमत नाही. ह्रोबयार्टसन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एकाच चाचणीत काही रुग्ण ब्लाइंड आणि काही उघड असलेले अभ्यास तपासले. उघड असलेल्यांनी स्वतः सांगितलेला फायदा सरासरी 0.56 प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याच्या मापाने) जास्त निघाला. पण त्यांत ॲक्युपंक्चरचे अभ्यास बरेच होते. पुढे 2020 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या मेटाब्लाइंड अभ्यासात सरासरी असा फरक दिसलाच नाही. व्हायव्हात पहिला आकडा सांगणार असाल तर दुसरा अभ्यासही सांगा, नाहीतर परीक्षक सांगतील.

आता बंद अल्ट्रासाऊंड. हा प्रकार अगदीच टाकाऊ नाही. सिडनीच्या हॅनकॉक यांच्या 2007 च्या लॅन्सेटमधल्या चाचणीत, ताज्या कंबरदुखीच्या 240 रुग्णांवर, मॅन्युअल थेरपीचा प्लासिबो म्हणून तोच वापरला होता. पण आपल्याकडच्या ओपीडीत गणित बदलतं. माझ्या पहिल्या अभ्यासात मी हेच केलं. तिसऱ्या आठवड्यात बाहेरच्या बाकड्यावर दोघे जण बोलताना ऐकू आले. एकाच गावचे, एकाच एसटीने आलेले.

"तुमचा कट् वाजला का?"
"नाही बुवा, मला नुसतं जेल लावून मशीन फिरवतात."
"मग तुम्हाला दुसऱ्या गटात टाकलंय."

झालं! तो रुग्ण पुढच्या वेळी आलाच नाही. त्यानंतर मी दोन्ही गटांचे वार वेगळे ठेवले. खरं तर ही अक्कल आधीच यायला हवी होती.

आणि आपला रुग्ण कोऱ्या पाटीचा नसतो. उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेतलेला असतो, हाडवैद्याकडे जाऊन आलेला असतो. कंबर 'मोकळी' करायची म्हणजे जोर लागतो आणि आवाज येतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे आधी मॅनिप्युलेशन घेतलेले रुग्ण वगळायचे का, हे सिनॉप्सिसमध्येच ठरवा. वगळलेत तर शॅम जास्त टिकेल, पण रुग्ण मिळायला वेळ लागेल.

शॅममध्येही हात लागले पाहिजेत, हे माझं स्पष्ट मत. नॉर्वेतल्या चैबी यांची मायग्रेनवरची चाचणी मुळातून वाचा. त्यांनी प्लासिबो गटाला खांद्याच्या फऱ्याच्या कडेवर आणि कुल्ल्यावर झटपट दाब दिला. रुग्णाला झोपवणं, वळवणं, सगळं खऱ्यासारखं, फक्त मणक्याला झटका नाही. बारा सत्रं झाली, प्रत्येक सत्रानंतर रुग्णाला विचारलं की खरा उपचार मिळाला असं वाटतं का. दोन्ही गटांत 80 टक्क्यांहून जास्त जणांना खराच मिळाला असं वाटलं. 2017 च्या निकालात मायग्रेनचे दिवस तिन्ही गटांत कमी झाले, नुसती नेहमीची औषधं घेणाऱ्यांतही. परिणाम बहुधा प्लासिबोचाच, असं त्यांनी स्वतः लिहिलं. शॅम इतका पटणारा नसता तर हा निष्कर्ष काढताच आला नसता.

ब्लाइंडिंग टिकलं का हे पहिल्या सत्रानंतर लगेच विचारा. अभ्यासाच्या शेवटी विचारलंत तर ज्याची कंबर सुटली तो 'खरा' म्हणतो, ज्याची नाही तो 'खोटा'. मग तुम्ही ब्लाइंडिंग मोजत नाही, गुण मोजता. याच कारणाने कन्सॉर्टच्या (चाचण्यांचा अहवाल कसा लिहावा याच्या नियमावलीच्या) 2010 च्या यादीतून ही तपासणी काढून टाकली गेली. मी तरीही करायला सांगेन, पण लवकर. उत्तराला तीन पर्याय ठेवा: खरा, खोटा, सांगता येत नाही.

बँग इंडेक्स (ब्लाइंडिंग किती टिकलं याचा आकडा: बरोबर ओळखणारे वजा चुकीचं सांगणारे, भागिले गटातले सगळे) प्रत्येक गटाचा वेगळा काढायचा. समजा गटात 40 जण आहेत. खऱ्या गटात 24 जण 'खरा' म्हणाले, 8 'खोटा', 8 'सांगता येत नाही': (24 − 8) ÷ 40 = 0.4. शॅम गटात 10 जणांनी 'खोटा' ओळखलं, 22 जण 'खरा' म्हणाले: (10 − 22) ÷ 40 = −0.3. उणे आकडा पाहून घाबरू नका. शॅम गटालाही आपला उपचार खराच वाटतोय, आणि तेच तर हवंय. दोन्ही गटांत आकडा 1 च्या जवळ गेला, तर मात्र सगळ्यांनी ओळखलंय.

संमतीपत्रात प्लासिबोची शक्यता लिहावीच लागते, एथिक्स कमिटी ती सोडणार नाही. पण शॅम नेमका कसा देणार याचं वर्णन तिथे नको. 'दोन प्रकारे हाताने उपचार होतील, त्यांतला एक परिणामकारक नसू शकतो' अशा धर्तीचं वाक्य कमिटीपुढे ठेवून बघा. अभ्यास संपल्यावर शॅम गटाला खरा उपचार देणार असाल तर तेही लिहा.

सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणी करताना ब्लाइंडिंगच्या रकान्यातही हेच भरा: रुग्ण आणि मोजणारा. गाइड ऐकत नसतील तर त्यांना विचारा, झटका तुम्ही डोळे मिटून देणार का? माझ्या गाइडना मी हे विचारलं होतं. ते हसले आणि पेन घेऊन 'डबल' खोडलं.