सीटीतलं यकृत डावीकडे का?

प्रश्न : एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला सीटी स्कॅन दाखवून शरीररचना शिकवते. मुलं यकृत डावीकडे सांगतात; कापांपासून बनवलेल्या थ्रीडी चित्रात बरगड्यांच्या कडांना पायऱ्या पडतात. काय करू?

उत्तर : आडवा काप रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखा मांडतात, त्यामुळे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. पहिल्या तासाला फक्त यकृत आणि महाधमनी शोधायला लावा, घाई नको.

पायऱ्या पडतात त्या ५ मिमी जाड कापांमुळे. रेडिओलॉजीकडून १ मिमीची मालिका मागा, तीही डायकॉममध्येच, म्हणजे स्कॅनच्या मूळ वैद्यकीय फाइलच्या स्वरूपात. जेपीईजीत विंडो (काळ्या ते पांढऱ्या छटांत दाखवायचा घनतेचा पट्टा) नीट बदलता येत नाही, म्हणजे निम्मा धडा गेलाच! पोटासाठी विंडो ४००, लेव्हल (त्या पट्ट्याचा मध्य) ४०. फुप्फुसांसाठी १५०० आणि उणे ६००. पोटाच्या विंडोत फुप्फुस नुसतं काळं दिसतं.

रुग्णाचं नाव फाइलच्या माहितीतून पुसाच. सोनोग्राफीत मात्र ते चित्रावरच उमटलेलं असतं, तिथे कडा कापा.