खाते गोठले, आता काय?

प्रश्न : तुळशीबागेत माझे भांड्यांचे दुकान आहे. क्यूआर कोडवर ₹१,८५० आले, गिऱ्हाईक डबे घेऊन गेले. तीन दिवसांनी खात्यातून एक रुपया निघेना. बँक एवढेच म्हणते, 'सायबर तक्रार आहे'. माझे काय चुकले?
— एक दुकानदार, पुणे

उत्तर : तुमचे काहीच चुकलेले नाही. गिऱ्हाइकाच्या खात्यात कुणाच्या तरी फसवणुकीचे पैसे आलेले असावेत. फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि ते पैसे पुढे जिथे जिथे गेले, तिथवर बँका माग काढतात. त्या साखळीत तुम्ही सापडलात.

शाखेत तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्यातले कोणते पोलीस ठाणे, त्यांचा ई-मेल आणि वादातली नेमकी रक्कम मागा. शिवाय अख्खे खाते गोठवले आहे की तेवढ्याच रकमेवर लीन (म्हणजे ती रक्कम अडवून ठेवणे) लावला आहे, हेही विचारा. लीन असेल तर ₹१,८५० अडकतात, बाकी व्यवहार चालू राहतात. अख्खे खाते गोठले की दुकानाचे भाडे, नोकरांचे पगार, कर्जाचे हप्ते सगळेच तुंबते, आणि ₹१,८५० साठी एवढे होणे अन्यायाचेच आहे. गोठवणे वादातल्या रकमेपुरतेच ठेवा, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बँकांना सांगितले आहे. महाराष्ट्रात तो निकाल बंधनकारक नाही, तरी अर्जात दाखला जरूर द्या.

आता पुरावा. यूपीआयचा १२ अंकी यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराचा) क्रमांक, बिल आणि त्या मालाची खरेदीपावती एकत्र करा. हातबिलावर वेळ नसते, म्हणून गिऱ्हाईक काउंटरवर होते तेवढे सीसीटीव्हीचे चित्रण आजच वेगळे काढा. काही दिवसांत त्यावर नवे चित्रण चढते. हे सगळे तपास अधिकाऱ्याला मेल करा, प्रत बँकेला द्या. तक्रार परराज्यातली असेल तर पुण्याच्या सायबर पोलिसांना खाते सोडता येत नाही. उत्तर आलेच नाही तर वकिलामार्फत भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायालयात अर्ज करता येतो.

'पैसे परत पाठवा, तक्रार मागे घेतो' असा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका. लीन तसाच राहतो आणि रक्कम दुसऱ्यांदा जाते.

प्रश्न : परदेशी ग्राहकाने पाठवलेले अनुवादाचे पैसे पेमेंट सेवेने तपासणीसाठी रोखले. शेऱ्यात त्याने फक्त 'क्यूबा लेख' लिहिले होते.
— एक अनुवादक, कोथरूड

उत्तर : बहुधा तो शब्दच नडला. अमेरिकी कंपन्यांवर क्यूबाशी व्यवहार करण्यास कडक निर्बंध आहेत, म्हणून त्यांची यंत्रणा नावे आणि शेरे चाळते. क्यूबावरचा लेख वेगळा आणि क्यूबाशी व्यवहार वेगळा, हे तिला कळत नाही. ग्राहक कोण, कुठल्या देशातला, काम कोणते, हे चार ओळींत लिहून बिल आणि लेखाचे पहिले पान जोडा. पुढच्या वेळी शेऱ्यात बिल क्रमांक पुरे. कामाचे खरे, पूर्ण वर्णन बिलात असू द्या.