शिरखुर्म्याचं पातेलं आणि चाचीचा प्रश्न

प्रश्न : आम्ही कोल्हापुरात राहतो, घर चर्चला जाणारं. शेजारच्या चाची दर ईदला शिरखुर्मा पाठवतात, आम्ही नाताळला करंज्या न् केक देतो, वीस वर्षं तरी झाली असतील. परवा गच्चीवर पापड वाळत घालताना त्यांनी सहज विचारलं, "तुम लोग ईसा को अल्ला का बेटा कायकू बोलते?" मला काय सुचेना, हसून विषय बदलला, पण तेव्हापासून जीवाला लागलंय. आमच्यातले काही म्हणतात, लई जवळ जाऊ नको. काय करू?
– एक भगिनी

उत्तर : ताई, वीस वर्षांनी का होईना चाचींनी मनातलं विचारलं, म्हणजे त्यांचा तुमच्यावर भरवसा आहे. विषय आता तुम्हीच परत काढा.

आधी त्यांना काय खटकतंय ते बघा. कुराणातला 112 वा सूरा, म्हणजे अध्याय, अगदी छोटा आहे, लहान पोरांनाही पाठ असतो, त्यात आहे की अल्ला एकच, त्यानं कुणाला जन्म दिला नाही आणि त्यालाही कुणी दिला नाही. त्यामुळं 'बेटा' म्हटलं की त्यांना वाटतं आपण देवाला बायकापोरं आहेत असं मानतो. तसं तर आपणही मानत नाही ना! पहिलं हेच सांगा. मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वाचून दाखवा, शब्द देही झाला ती, म्हणजे देवाचा शब्दच येशूच्या रूपानं माणूस झाला. कुराणातही ईसांना, म्हणजे आपल्या येशूला, अल्लाचा कलिमा म्हणजे शब्दच म्हटलंय, अर्थ ते वेगळा घेतात, पण बोलायला धागा मिळतो.

आणि त्यांनाही सांगू द्या. 19 वा सूरा ईसांची आई मरियम हिच्या नावाचा आहे, त्यात ती खजुराच्या झाडाखाली बाळंत होते, वरून पिकलेला खजूर पडतो. हे चाचींच्या तोंडून ऐका, लई प्रेमानं सांगतील.

क्रुसाचं मात्र गुळमुळीत करू नका. त्यांच्या मते ईसांना क्रुसावर चढवलंच नाही, आपला तर सगळा विश्वास तिथंच उभा आहे. पटलं नाही तरी चालेल, भांडायचं नाही.

जवळ जाऊ नको म्हणणाऱ्यांना येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आठवून द्या, वाटेत जखमी पडलेल्याला परक्या समाजातल्या माणसानंच उचललं ती. आणि शाहू महाराजांनी 1906 साली मुस्लिम बोर्डिंग काढलं ते आपल्याच गावात की!

एक राहिलंच, नाताळच्या केकमध्ये रम घालत असाल तर चाचींचा केक बिनरमचा करा, आणि तसं सांगून द्या, म्हणजे त्या निवांत खातील. शिरखुर्म्याचं पातेलं अजून तुमच्याकडंच असेल तर आजच घेऊन जा, रिकामं नको.